मदत हवी आहे: जीजीएच फोडताना शेवटच्या पायरीवर अडकलोय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जीजीएच फोडायला घेतलंय. गोल्डराइख, गोल्डवासर आणि हालेवी यांनी १९९७ साली मांडलेली ही लॅटिसवरची (बिंदूंच्या नियमित जाळीवर आधारलेली) पब्लिक की कूटपद्धत. सोबत २००, २५०, ३००, ३५० आणि ४०० मितींची पाच कोडीही त्यांनी जाहीर केली होती. १९९९ मध्ये फाँग न्युएनने ४०० वगळता सगळी सोडवली. त्याचाच हल्ला मी सेजमॅथ या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहितोय, सध्या १२० मितींवर.

संदेश एम, जाहीर मॅट्रिक्स बी, मुद्दाम मिसळलेली चूक ई, आणि कूटसंदेश सी = एम·बी + ई. ई मधला प्रत्येक आकडा ३ नाहीतर -३. घात इथेच आहे: सी च्या प्रत्येक घटकात ३ मिळवले की चूक ० किंवा ६ होते, म्हणजे मॉड्युलो ६ मध्ये (६ ने भागून फक्त बाकी ठेवली की) पुसलीच जाते. मग बी चा मॉड्युलो ६ व्यस्त वापरून एम ला ६ ने भागून उरणारी बाकी आयती हातात येते.

कागदावर करून पाहिलं. बी च्या ओळी (५, २) आणि (३, ७), एम = (४, -१), ई = (३, -३). सी येतो (२०, -२). ३ मिळवून मॉड्युलो ६ घेतलं की (५, १), त्यावरून एम ची बाकी (४, ५). बरोबर. आता (४, ५)·बी म्हणजे (३५, ४३) हे सी मधून वजा करून ६ ने भागायचं. चूक ±३ ची ±१/२ होते, लॅटिस तीच राहते, त्यामुळे जवळचा बिंदू शोधणं खूप सोपं होतं.

अडचणी दोन. बहुतेक वेळा नवीन की बनवली की 'बी चा व्यस्त नाही' म्हणून एरर येते. आणि येत नाही तेव्हा एम्बेडिंग करून (भागून आलेली ओळ बी खाली जोडून) एलएलएल, म्हणजे लॅटिसमधल्या छोट्या ओळी शोधणारी पद्धत, चालवतो, ±१/२ ची ओळ शोधतो, ती सापडत नाही. पहिल्या ओळीत नुसते ० आणि -१, शेवटी १. दोन रात्री गेल्या यात.

प्रतिसाद १
६ ने भागताना // (पूर्णांक भागाकार) वापरलंय का?

धागाकर्ता
हो. एलएलएलला पूर्णांक हवेत म्हणून.

प्रतिसाद १
मग हल्ला यशस्वी झालाय, तुम्हीच उत्तराला दारातून परत पाठवताय :) तुमच्याच उदाहरणात (-१५, -४५) ला ६ ने भागून (-२.५, -७.५) यायला हवं. // खालच्या पूर्णांकावर नेतं, म्हणून (-३, -८). अधिक अर्ध्याचा ० झाला, उणे अर्ध्याचा -१. ती ओळ म्हणजेच ई. ० तिथे ३ लिहा, -१ तिथे -३.

पण असंच ठेवू नका. या भागाकारामुळे शोधायच्या चूक-ओळीची लांबी साधारण √२ पट होते, आणि मोठ्या मितीत तेवढंही महागात पडतं. बी ला २ ने गुणा आणि ६ ऐवजी ३ ने भागा. चूक नेमकी ±१ येईल.

प्रतिसाद २
व्यस्ताचं: यादृच्छिक मॅट्रिक्स मॉड्युलो ६ व्यस्तक्षम असण्याची शक्यता जेमतेम १६ टक्के, तेव्हा एरर येणारच. की फेकून देऊ नका. मॉड्युलो २ आणि मॉड्युलो ३ वेगळं सोडवा. कर्नल (मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य होणाऱ्या ओळी) सहसा एक-दोन मितींचं असतं, म्हणजे मोजकेच उमेदवार उरतात. सगळे वापरून बघा.

प्रतिसाद ३
विषयांतर, पण मग ती नवीन क्वांटमरोधक, लॅटिसवरचीच एमएल-केईएम पद्धत पण अशीच फुटेल का?

प्रतिसाद २
या युक्तीने नाही. त्यात सगळं मॉड्युलो ३३२९ चालतं, आणि एमएल-केईएम-७६८ मध्ये चूक -२ ते २ यांपैकी काहीही असू शकते, शून्य सर्वांत जास्त वेळा. ३ मिळवून पुसून टाकावी अशी ती नाही. जीजीएचचा जीव त्या ठरीव ±३ मुळेच गेला.

धागाकर्ता
१२० मितींचा संदेश आत्ता अक्षरशः जसाच्या तसा परत आला! आधीच्या रात्रीच्या लॉगमध्येही तीच ओळ पडलेली सापडली, डोकं धरून बसलो. दोघांचेही आभार. आता २०० ला बीकेझेड (एलएलएलची जास्त ताकदवान आवृत्ती) लावलंय, ब्लॉक २०. लॅपटॉपचा पंखा शेजारच्या खोलीत ऐकू जातोय.