मिडवे: मोजक्या बाँबनं एवढी जहाजं काहून गेली?

दारव्हा: भाऊ, दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळ ४ जून १९४२ ले अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात जपानच्या चार विमानवाहू जहाजांचा घात झाला. बाँब मोजकेच लागले, मंग एवढी आग काहून?

मोर्शी: हँगरातल्या, म्हंजे जहाजाच्या पोटातल्या विमानं ठेवायच्या जागेतल्या मालानं. जपानी ताफ्याचा सेनापती नागुमोनं बेटावरच्या हल्ल्यासाठी विमानांचे टॉर्पेडो (पाण्यातून जाऊन जहाज फोडणारं अस्त्र) काढून बाँब लावायले सांगितले. अमेरिकी जहाजं दिसल्यावर पुन्हा टॉर्पेडो. घाईत काढलेले बाँब कोठारात गेलेच नाहीत, अन् बंद हँगरात इंधन भरलेली विमानं. अकागी या जपानी जहाजाले थेट एकच बाँब लागला, तेवढाच पुरला!

उमरखेड: अमेरिकेच्या टॉर्पेडोवाल्या विमानांले विसरू नका. हॉर्नेट या अमेरिकी जहाजाची १५ च्या १५ टॉर्पेडो विमानं आधीच पडली होती. मागून आलेल्या यॉर्कटाउन या दुसऱ्या अमेरिकी जहाजाच्या विमानांनी झिरो (जपानी लढाऊ विमानं) खाली गुंतवली, म्हणून १०:२० च्या सुमारास डाइव्ह बाँबरांले (सूर मारून बाँब टाकणाऱ्या विमानांले) वरून वाट मोकळी भेटली.

मोर्शी: बरोबर. युद्ध थांबलं नाही, पण जपानचा पुढाकार गेला. ऑगस्टात अमेरिका ग्वाडलकनाल बेटावर उतरली.