‘न्यूरोमॉर्फिक’साठी मराठी शब्द

मेंदूच्या धर्तीवर घडवलेल्या चिपांवर लेख लिहितो आहे. ‘न्यूरोमॉर्फिक’ला ‘विचारक्षम’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘आर्किटेक्चर’ला काय म्हणावं? संगणकाला ‘वास्तुकला’ लावायला हात धजत नाही.

—

‘विचारक्षम’ कृपया नको. ‘न्यूरोमॉर्फिक’ हा शब्द अमेरिकी अभियंते कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात रूढ केला. त्यातल्या ग्रीक ‘मॉर्फे’चा अर्थ रूप. म्हणजे दावा आहे तो घडणीचा. विचाराचा त्यात उल्लेखही नाही.

नेहमीच्या संगणकात आकडेमोड एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे, त्यामुळे माहितीची सारखी ने-आण चालते आणि बरीच वीज त्यातच जाते. मेंदूत अशी वाटणी नाही. चेतापेशींमधल्या जोडण्या बळकट होतात, क्षीण होतात, आणि आठवण त्या जोडण्यांतच राहते. या चिपांनी उचललं आहे ते हेच. आयबीएमच्या २०१४च्या ट्रूनॉर्थ या चिपमध्ये १० लाख कृत्रिम चेतापेशी आणि सुमारे २५.६ कोटी जोडण्या होत्या; वीज लागायची जेमतेम ७० मिलिवॉट. तिने चलच्चित्रातली माणसं, सायकली, गाड्या ओळखून दाखवल्या. याला विचार म्हणायचं का?

मी ‘चेतासदृश’ म्हणेन. आर्किटेक्चरला साधं ‘रचना’ पुरतं.

—

‘चेता’ वाचलं की सामान्य वाचकाला चेतना आठवते. मग ‘चेतासदृश’ म्हणजे जवळपास सजीव, असंच तो समजेल. ‘मेंदूसदृश’ का नको?

—

चेतनेचा मुद्दा खरा आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण ‘मेंदूसदृश’ फार मोठं होतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि तो साधारण २० वॉटवर चालतो; त्याच्यापुढे १० लाख म्हणजे किती! शाळेच्या पुस्तकातला ‘चेतापेशी’ शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून ‘चेतापेशीसदृश रचना’ लिहावं. लांब आहे, पण चकवत नाही.

जाता जाता: संगणकाच्या साठवणीला ‘मेमरी’ म्हणणंही मेंदूवरूनच आलं. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या रचनेवरच्या १९४५च्या मसुद्यात यंत्राच्या भागांची तुलना चेतापेशींशी केली होती. ‘स्मृती’ आपण आता बिनदिक्कत वापरतो, म्हणून पुढच्या शब्दाला जरा जपावंसं वाटतं.

—

पटलं. वाक्य असं करतो: ‘चेतापेशीसदृश रचनेची ही चिप संकेत आला तरच जागी होते आणि समोरची वस्तू कोणती ते समजून घेते.’

—

‘जागी होते’ राहू द्या, झोपलेलं यंत्र आपण एरवीही जागं करतोच. ‘समजून घेते’च्या जागी ‘ओळखते’ करा.