विषय: बाबांच्या कानातल्या आवाजासाठी त्यांना डब्लिनला आणावं का?

नमस्कार मंडळी,

सल्ला हवा आहे. माझे आईबाबा इंदूरला, रामबागेत राहतात. बाबा बहात्तर वर्षांचे. गिरणी बंद पडेपर्यंत कापड गिरणीत लूम खात्यात होते. गेले काही महिने दोन्ही कानांत आवाज येतो, कुकरची शिट्टी न थांबता वाजत राहावी तसा. दिवस कसाबसा जातो, रात्री झोप नाही. परवा आईला म्हणाले, "आता नको झालंय." ते कळल्यापासून मला चैन नाही. तिथे गोळ्या देऊन झाल्या आणि "वयाचं आहे, सवय करा" असं सांगून घरी पाठवलं. कानातल्या आवाजावरच्या, इथल्या न्यूरोमॉड कंपनीच्या लेनायर यंत्राबद्दल वाचतोय. तीन महिन्यांसाठी त्यांना इकडे आणावं म्हणतो. पैशांची सोय करेन. कुणाला अनुभव आहे का?

*

दादा, नमस्कार.

मी आयर्लंड सोडून इंदुरात परतले आणि इथे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करते. या मेलिंग लिस्टवर अजून आहे, म्हणून लिहिते.

आधी ते "नको झालंय". आजच फोन करा आणि सरळ विचारा: बाबा, जीव नकोसा वाटतो का? विचारल्यानं वाईट विचार वाढत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, आईंनाही तो लिहून द्या.

आता तिकिटाचं. माझं मत विचाराल तर अजून काढू नका. तुमच्या मेलमध्ये गोळ्या आहेत, यंत्र आहे, पैशांची सोय आहे, पण ऑडिओग्रामचा, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो ते दाखवणाऱ्या श्रवणचाचणीचा उल्लेख नाही. झालाय का? लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाची श्रवणशक्ती बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पहिल्यांदा घसरते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तिथून येणारे संकेत कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो, असं आज मानलं जातं. म्हणून ऐकू कमी येत असेल तर नीट बसवलेलं श्रवणयंत्र हा पहिला उपचार. बाहेरचे आवाज पुन्हा पोचू लागले की आतला आवाज अनेकांना मागे पडल्यासारखा वाटतो. हे सगळं इंदुरात होतं.

काही गोष्टी मात्र थांबण्यासारख्या नसतात. आवाज एकाच कानात असेल आणि त्या कानानं कमीही ऐकू येत असेल, तर एमआरआय लागतो, कारण श्रवणाच्या नसेवर गाठ असू शकते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. आणि ऐकू येणं एकाएकी गेलं असेल तर ती तातडीची बाब आहे, स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं.

लेनायर हे खोटं नाही, ते नीट समजून घ्या. हेडफोनमधून आवाज आणि जिभेवर सौम्य विद्युतस्पंदनं, रोज घरी, साधारण १२ आठवडे. २०२०मध्ये ३२६ जणांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास घटला, पण त्यात उपचार न घेणारा तुलनेचा गट नव्हता. पुढे ११२ जणांवर, आधी सहा आठवडे नुसता आवाज आणि मग सहा आठवडे दोन्ही, अशी चाचणी झाली. मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास असलेल्यांना जास्त फायदा दिसला. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, मान्यता दिली. म्हणजे उपयोग होऊ शकतो, पण आवाज कायमचा बंद होईल असं वचन त्यात नाही. आशेनं एवढा प्रवास करून बहात्तराव्या वर्षी निराश परतणं काय असतं, याचा विचार करा.

गोळ्यांचं म्हणाल तर, टिनिटसवर, म्हणजे कानातल्या या आवाजावर, मान्यताप्राप्त औषध आज नाही. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीन या गोळीबद्दल ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेनं २०२०मध्ये स्पष्ट लिहिलं, की केवळ टिनिटससाठी ती देऊ नये.

ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम, ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलवणारी समुपदेशनाची पद्धत. आवाज तोच राहतो, पण त्याची भीती जाते, मग झोप लागते. आणि हे सगळं बोलण्यावर चालतं. बाबांनी मनातलं इंग्रजीत, दुभाष्याच्या मदतीनं सांगायचं? ते इंदुरी मराठीत, मधूनच हिंदीत बोलणारे, त्यांना त्यांच्याच बोलीत ऐकणारं माणूस हवं. इथे सोय झाली नाही तर अवंतिका एक्सप्रेसनं रात्रीत मुंबई, तिथे वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तर १९६५पासून हेच काम करते.

तोवर रात्री खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा किंवा रेडिओ हळू चालू राहू द्या. कानात कापूस अजिबात नको, त्यानं आतला आवाज जास्त जाणवतो.

*

ताई,

रात्रीच बोललो. जीव द्यायचा विचार नाही म्हणाले, पण आई झोपली की एकटे बाहेरच्या खोलीत बसून असतात, हे पहिल्यांदा कळलं. आवाज दोन्ही कानांत, ठोक्याबरोबर नाही. ऑडिओग्राम कधीच झालेला नाही. मावसभाऊ गुरुवारी नेतोय, रिपोर्ट तुम्हाला पाठवू का?

*

दादा,

मी डब्लिनहून. सासूबाईंच्या वेळी बघितलं होतं म्हणून सांगते: भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो, आणि लेनायरचे उपचारच ८४ दिवसांचे. मधे सर्दी झाली, अपॉइंटमेंट पुढे गेली की संपलं. उपचारासाठीच आणायचं तर तसाच अर्ज करा, इथल्या डॉक्टरांचं पत्र आणि खर्चाची हमी जोडून. पर्यटक म्हणून नको. प्रवासाचा विमा आधीपासूनच्या आजाराला सहसा पैसे देत नाही, तेही लक्षात ठेवा.

*

दादा, रिपोर्ट जरूर पाठवा. गिरणीत किती वर्षं होते, कुठल्या खात्यात, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, ॲस्पिरिनसुद्धा, हे कागदावर लिहून बाबांबरोबर द्या. श्रवणयंत्र लगेच विकत घेऊ नका, आधी काही दिवस घरी वापरून बघायला मागा.