कॅलिबरचा संग्रह, सिंक आणि बॅकअप
कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा संग्रह थेट गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवला की वेगळ्या बॅकअपची गरज उरत नाही, हे वरील प्रतिसादातील मत मला मान्य नाही. सिंक होणाऱ्या (म्हणजे यंत्रावर आणि ड्राइव्हवर आपोआप सारख्या राहणाऱ्या) फोल्डरमधून पुस्तक पुसले की ते ड्राइव्हवरूनही जाते आणि तिथल्या कचरापेटीत ३० दिवसच राहते. शिवाय टॅग, मालिका, शेरे ही सारी माहिती ‘मेटाडेटा डॉट डीबी’ या एकाच मुख्य डेटाबेस फाइलमध्ये असते. कॅलिबर तीत लिहीत असताना सिंकने मध्येच हात घातला, तर ती बिघडू शकते. माझे एक यंत्र ठाण्यात घरी आणि दुसरे ऐरोलीच्या कार्यालयात असते; दोन्हीकडून त्या फाइलीत लिहिले जाऊ नये म्हणून संग्रह मी घरच्याच यंत्रावर ठेवतो आणि कॅलिबर बंद केल्यावर अख्ख्या फोल्डरची तारीखवार झिप ड्राइव्हवर चढवतो.

एका गोष्टीचा उल्लेख इथे अद्याप कोणी केलेला नाही. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात ‘मेटाडेटा डॉट ओपीएफ’ नावाची छोटी फाइल असते, तीत त्या पुस्तकाच्या माहितीची प्रत असते, आणि मुख्य डेटाबेस बिघडलाच तर ‘लायब्ररी मेंटेनन्स’मधील ‘रिस्टोअर डेटाबेस’ या सोयीने तो या फाइलींवरून पुन्हा उभा करता येतो. त्यामुळे नुसत्या ईपब (म्हणजे ई-पुस्तकांच्या) फाइली वेचून चढवणाऱ्यांनी थोडे थांबावे. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण कॅलिबर फोल्डरांना रोमन लिपीतली (बहुधा ओळखू न येणारी) नावे देते. देवनागरीतले शीर्षक आणि लेखकाचे नाव ओपीएफमध्ये जसेच्या तसे असते.