अनुभव धागा : माहेरच्या जमिनीतील हिस्सा, मागितलेला आणि सोडलेला

सातारा-सांगलीकडील बहिणींनी वारसाहक्काचे आपले अनुभव येथे लिहावेत. नावे टाळावीत; वर्षे आणि कागद मात्र नेमके सांगावेत. सुरुवात मीच करते.

तासगाव तालुका
वडील 2011 साली वारले. तेराव्यानंतर आठवडाभरात भाऊ गाडी घेऊन आला आणि वारसनोंदीसाठी सह्या लागतात असे सांगून आम्हा दोघी बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घेऊन गेला. वारसनोंद तलाठ्याकडे होते, तिच्यासाठी त्या कचेरीची पायरी चढावी लागत नाही, एवढे जरी ठाऊक असते तरी मी गाडीत बसण्यापूर्वी विचारले असते. अंगठ्याची शाई पुसताना कागदाच्या माथ्यावर 'हक्कसोडपत्र' हा शब्द दिसला. द्राक्षबागेतला हिस्सा गेला. संध्याकाळी वहिनीने ओटी भरून साडी दिली. पिशवीत बिल तसेच राहिले होते, त्यामुळे तिची किंमतही मला ठाऊक आहे.

कोरेगाव तालुका
माझे लग्न 1991 चे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार, केले, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या आणि गावात आजही तोच नियम ऐकवला जातो. केंद्राने हिंदू वारसा कायद्यात 2005 साली केलेल्या दुरुस्तीत ही अट राहिली नाही. तरी वडील 2003 सालीच गेल्यामुळे तुझा संबंध नाही, असे थोरल्या भावाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. अर्थात 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप मोडता येत नाही. आमचे वाटप बांधावर उभे राहून तोंडीच झाले होते आणि सातबारा सामाईक होता, म्हणून दावा लावता आला. तो चालू आहे. राखी मी टपालाने पाठवते. ती परत येत नाही, एवढेच.

कराड तालुका
आमच्या भावाने न मागता सातबाऱ्यावर बहिणींची नावे लावली, पण ती कब्जेदार, म्हणजे जमिनीचे धारक, म्हणून न लागता 'इतर हक्क' या रकान्यात लागली. भूसंपादनाची नोटीस एकट्या भावाला आली तेव्हा हे उमगले. दुरुस्तीचा अर्जही त्यानेच केला.

वाई तालुका
आईच्या नावावरील जमिनीतला माझा हिस्सा मी सोडला, पण समजून उमजून. आईचे नऊ वर्षांचे अंथरुणातले आजारपण भावजयीने काढले होते, म्हणून तो तिला द्यायचा होता. हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्याच लाभात होते असे वकिलांनी सांगितल्यावर मी तिच्या नावे बक्षीसपत्र केले. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.