प्रत्येक खोलीसाठी छताचा दिवा कसा निवडावा? पाथर्डी फाट्यावरील नव्या घराविषयी विचारणा

प्रश्न (पाथर्डी फाटा, नाशिक)

नमस्कार. पाथर्डी फाट्याजवळ आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला असून पुढच्या महिन्यात पीओपीचे काम सुरू होणार आहे. घरात आम्ही दोघे, सहावीत शिकणारी मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे चौघे राहणार आहोत. हॉल १६ बाय ११ फूट, दोन्ही बेडरूम १२ बाय १० आणि स्वयंपाकघर १० बाय ८ असे आहे. फरशीपासून स्लॅबची उंची ९ फूट ८ इंच भरते.

कंत्राटदाराने जो नकाशा दिला आहे, त्यात सगळ्या खोल्यांचा आराखडा एकच आहे: मध्ये पंखा आणि कडेने १२ वॉटचे गोल डाउनलाइट. हॉलमध्ये ८, प्रत्येक बेडरूममध्ये ६ आणि स्वयंपाकघरात ४, आणि सगळे ६५०० केल्व्हिनचे (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर) पांढरे. पीओपी झाल्यावर पॉइंट हलवता येणार नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे आत्ताच नीट विचार करावा असे वाटते. सासूबाईंना संध्याकाळनंतर कमी दिसते, पण डोळ्यांवर येणारा उजेडही त्यांना सहन होत नाही. त्या रोज दुपारी आणि रात्री पोथी वाचतात. कोणत्या खोलीत कोणत्या प्रकारचा दिवा घ्यावा, किती वॉटचा घ्यावा आणि कोणत्या रंगाचा घ्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर (सातपूर, प्रकाशयोजनेचे काम करतो)

ताई, आपण पीओपीच्या आधी विचारलेत हे फार चांगले झाले. दिवा पसंत करण्यापूर्वी प्रत्येक खोलीत हात कुठे काम करणार, डोळे कुठे पाहणार आणि त्या वेळी आपली सावली कुठे पडणार, एवढे ठरवावे. पॉइंट त्यावरून निघतात. आपल्या नकाशात उजेड कमी पडणार नाही, उलट बेडरूममध्ये तो गरजेच्या दुपटीहून जास्त होईल. मात्र जिथे हवा तिथे तो पडणार नाही.

हिशेब असा आहे. १२ बाय १० ची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. राहत्या खोलीत सर्वसाधारण वावरासाठी १५० लक्स, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १५० ल्युमेन उजेड, धरले तर फरशीच्या पातळीवर सुमारे १६५० ल्युमेन पोचायला हवेत. भिंती, छत आणि काचेचे आवरण यांत बराच उजेड खर्च होतो, म्हणून ही संख्या ०.६ ने भागावी. उत्तर येते २७५० ल्युमेन. चांगला एलईडी दिवा प्रत्येक वॉटला ९० ते १०० ल्युमेन देतो, म्हणजे ३० वॉट पुरेसे होतात. आपल्याला सुचवले आहेत ७२ वॉट. हॉलसाठी याच रीतीने ४० ते ४५ वॉट येतात. खरेदी करताना खोक्यावर वॉटबरोबर ल्युमेनचा आकडाही पाहावा, कारण वॉट हा विजेचा खर्च आहे आणि ल्युमेन हा उजेड आहे. १२ वॉटच्या दोन दिव्यांत १०० ते २०० ल्युमेनचा फरक मी नेहमी पाहतो.

स्वयंपाकघराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. तिथले चार दिवे छताच्या मधल्या भागात येतात आणि ओट्यापाशी उभे राहिलेल्या माणसाच्या पाठीवर उजेड पाडतात. विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर नेमकी आपल्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली येते. यासाठी छताला १५ ते १८ वॉटचे दोनच दिवे घ्यावेत आणि ते ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर, म्हणजे भिंतीपासून सुमारे २ फुटांवर बसवावेत. त्याशिवाय वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, दुधी आवरणाची एलईडी पट्टी अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये द्यावी. रंग ४००० केल्व्हिन ठेवावा. पट्टीसाठी वेगळा स्विच आणि भिंतीतून वायर आत्ताच काढून ठेवावी, कारण टाइल्स लागल्यावर ते काम फार जड जाते.

स्वयंपाकघरात आणि कपाटाच्या आरशासमोर सीआरआय हा आकडा अवश्य विचारावा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे ते माप असून १०० हे त्याचे टोक आहे. बाजारातील बहुतेक दिवे ८० च्या आसपास असतात. ९० च्या दिव्याखाली तांदळातला पिवळट दाणा आणि टोमॅटोवरचा डाग पटकन नजरेत येतो. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी हलक्या दिव्याखाली उलगडून पाहा; गडद जांभळा आणि काळा यांतला फरक कळत नाही. तीच पैठणी खिडकीशी नेली की पदरावरचा रंग वेगळाच उमलतो.

बेडरूममध्ये पंख्याचा विचार आधी करावा. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती मध्यापासून २ फुटांपर्यंत येतात. पसरट झोताचा दिवा पात्यांच्या वर, छताला असेल, तर उजेड पात्यांमधून कापला जातो आणि सगळी खोली लुकलुकते. डोकेदुखीचे ते एक साधे कारण असते. दिवे भिंतीपासून २ फुटांवर ठेवले, तर १० फुटांच्या बाजूला ते पंख्याच्या मध्यापासून ३ फुटांवर येतात. ६० अंशांच्या झोताचा दिवा एक फूट खाली असलेल्या पात्यांच्या पातळीपर्यंत दोन्ही बाजूंना सुमारे ७-७ इंचच पसरतो, त्यामुळे तो पात्यांना लागत नाही. ७ ते ८ वॉटचे, खोल बसणारे, ३००० केल्व्हिनचे ४ दिवे पुरेत, आणि त्यांतला एकही उशीच्या वर येऊ देऊ नये.

सासूबाईंसाठी वेगळे सांगतो. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश राहतो, म्हणून वाचनाला जास्त उजेड लागतो; पण नेत्रभिंगाच्या धूसरपणामुळे समोरून येणारा झगझगाट पसरून त्रासही तितकाच होतो. यावर छताचा दिवा मोठा करणे हा उपाय नाही. त्या जिथे पोथी घेऊन बसतात तिथे खांद्याच्या मागून, डाव्या बाजूने येणारा भिंतीवरचा दिवा द्यावा, ज्याचा बल्ब बसलेल्या माणसाला दिसणार नाही. पानावर ३०० ते ५०० लक्स मिळावेत. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपने त्याचा ढोबळ अंदाज येतो.

बाथरूममध्ये गिझरची वाफ असते, तेव्हा किमान आयपी ४४ दर्जाचा (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचे माप) बंद दिवा घ्यावा. पॅसेजला ६ वॉट पुष्कळ झाले.

उत्तर (कॉलेज रोड, गृहिणी)

ताई, वरचे उत्तर मी दोनदा वाचले आणि आमच्या घरी काय चुकले ते आता कळले. एक गोष्ट मात्र मी अनुभवातून सांगू शकते. आमच्या हॉलमध्ये छताच्या कडेने खाचेत लपवलेली एलईडी पट्टी आहे. तिचा ड्रायव्हर, म्हणजे वीज उतरवून देणारी ती लहान पांढरी डबी, कारागिराने पीओपीच्या आत ठेवून वरून पक्के बंद केले होते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती डबी गेली. पट्टी धडधाकट होती, पण डबीपर्यंत हात पोचेना, म्हणून वायरमनने आरीने छत कापले. पीओपीची भुकटी बाजूच्या देवघरातल्या घासून ठेवलेल्या समयांवर, कापसाच्या वातींवर आणि नव्या पडद्यांवर बसली. आणि कापलेल्या चौकोनाचा रंग आजही बाकीच्या छताशी जुळत नाही. कृपा करून प्रत्येक ड्रायव्हर कपाटाच्या वर किंवा उघडता येणाऱ्या झाकणाच्या आत ठेवायला सांगा.

देवघरासाठी माझे मत असे की छतातून झगझगीत पांढरा दिवा देऊच नये. २७०० केल्व्हिनचा ३ वॉटचा एक लहान दिवा मूर्तीच्या थोडा पुढे असला की समईचा उजेडही दिसत राहतो आणि सासूबाईंना फुले वाहताना चाचपडावे लागत नाही. आमच्याकडे आधी ६५०० चा दिवा होता, त्याच्याखाली पितळ पार निळसर आणि निस्तेज दिसत असे.

उत्तर (मखमलाबाद)

बाल्कनीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून एवढेच सांगतो. आमच्या घराच्या मागे द्राक्षाचे मळे आहेत आणि पहिल्या पावसानंतर पंखांच्या वाळव्यांचे थवे दिव्यावर येतात. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. बाल्कनीत आम्ही २७०० केल्व्हिनचा, पूर्ण बंद, आयपी ६५ दर्जाचा दिवा लावल्यापासून त्रास बराच कमी झाला आहे. आपला फ्लॅट मोकळ्या शेताकडे तोंड करून असेल तर हे जरूर करावे.

प्रश्नकर्तीचे पुढील विचारणे

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही दोघे नव्या घरी गेलो होतो. यजमान शिडीवर चढले, कंत्राटदाराने खूण केलेल्या जागी त्यांनी मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी ओट्यासमोर वाकून उभी राहिले. माझ्या दोन्ही हातांवर पूर्ण अंधार होता. टॉर्च ओट्याच्या कडेवर आणला तेव्हा सावली माझ्या पायांशी सरकली. चार दिव्यांऐवजी दोन दिवे आणि पट्टी घेण्याचे आम्ही तिथेच ठरवले.

अजून दोन शंका आहेत. मुलीच्या खोलीत अभ्यास आणि झोप दोन्ही होणार, तेव्हा एकाच दिव्यात तीन रंग बदलणारे पॅनेल घ्यावे का? आणि हॉलमध्ये माहेरून आलेले सुमारे ८ किलोचे पितळी झुंबर लावायचे आहे, ते पीओपीला टांगता येईल का?

उत्तर (सातपूर, प्रकाशयोजनेचे काम करतो)

झुंबर पीओपीला मुळीच टांगू नये. जिप्समच्या बोर्डाला किंवा त्याच्या पत्र्याच्या चौकटीलाही नाही. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून हुक बसवावा आणि साखळी पीओपीच्या छिद्रातून मोकळी खाली आणावी, म्हणजे सगळा भार स्लॅबवर राहतो. आपली उंची ९ फूट ८ इंच आहे आणि पीओपी ४-५ इंच घेईल, तेव्हा वावराच्या वाटेवर झुंबराचा तळ ७ फुटांच्या खाली येता कामा नये. जेवणाच्या टेबलावर लावणार असाल तर टेबलापासून अडीच ते तीन फुटांवर ठेवावे. तिथे ते फार शोभेल, आणि कोणाच्या डोक्याला लागणार नाही.

तीन रंगांचे पॅनेल मुलीच्या खोलीत चालेल, पण अशा बहुतेक पॅनेलमध्ये तोच स्विच बंद-चालू केल्यावर रंग बदलतो, त्यामुळे रात्री पाणी प्यायला उठलेल्या मुलाला नको तो रंग मिळतो. त्यापेक्षा छतातले ३००० केल्व्हिनचे दिवे एका स्विचवर ठेवावेत आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० केल्व्हिनचा स्वतंत्र दिवा द्यावा. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर तो डावीकडे यावा. विकत घेण्यापूर्वी दुकानात तो दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनवर पाहावा. काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड थरथरतो असे समजून दुसरा दिवा मागावा. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक आहे याचीही खात्री करावी.

प्रश्नकर्ती

मुलगी डावखुरी आहे, तेव्हा टेबलाचा पॉइंट उजवीकडे घेत आहे. उद्या सकाळी वायरमन खडूने खुणा करायला येणार आहेत. झुंबराच्या हुकाची जागा टेबल प्रत्यक्ष मांडून, ओळंबा सोडून नक्की करू.