शब्दचर्चा : कुटुंब समाजाचा 'घटक' की 'पेशी'? (एंगल्सपासून हनोईपर्यंत)

उंबरठा :
मार्क्सवादी कुटुंबविचार आणि आजचं व्हिएतनामी घर अशा विषयावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'कुटुंब ही समाजाची सेल आहे' हे वाक्य त्यात दर दोन परिच्छेदांनी डोकावतं. मी हात सवयीनं चालवला आणि 'घटक' लिहिलं. नागरिकशास्त्रात आपण तेच घोकलंय ना. पण वाचताना काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. मूळ व्हिएतनामी शब्द 'ते बाव' आहे. काय लिहावं?

जुना चष्मा :
'घटक' नको. घटक म्हटलं की भिंतीतली वीट आठवते, आणि विटेच्या आत काही घडत नसतं. मार्क्सचा सहकारी एंगल्स, त्याला नेमकं आत काय घडतं तेच दाखवायचं होतं. 1884 च्या 'कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांचा उगम' या पुस्तकात तो एकपतिपत्नी कुटुंबाला सुसंस्कृत समाजाचं 'पेशीरूप' म्हणतो. समाजात जे अंतर्विरोध पुढे फोफावतात ते या पेशीत आधीच असतात, म्हणून ते इथंच तपासता येतात, असा त्याचा रोख. नवरा बूर्झ्वा (भांडवलदार) आणि बायको कामगारवर्ग, हे त्याचं गाजलेलं विधानही त्याच पुस्तकातलं. थोडक्यात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची पेशी.

आता गंमत बघा. व्हिएतनामच्या 1980 च्या संविधानात 'कुटुंब ही समाजाची पेशी' हे वाक्य आलं, 1992 च्या संविधानात ते टिकलं. पण तिथं ही पेशी जपायची आहे, निरोगी ठेवायची आहे. शब्द तोच, पण तपासायची वस्तू जोपासायची झाली. तुमच्या लेखाचा खरा विषय मला तरी हाच वाटतो, आणि 'घटक' लिहिलंत तर तो वाचकाच्या हाती लागणारच नाही.

उंबरठा :
पण लेखात व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचं 'गाभा' अशा अर्थाचं वाक्यही आहे. तेही पेशीच का?

जुना चष्मा :
नाही, तो शब्द वेगळा. 'हात न्यन', म्हणजे केंद्रक, गाभा. 1959 मध्ये विवाह व कुटुंब कायद्याच्या मसुद्यावर बोलताना त्यांनी तो वापरला : अनेक कुटुंबं मिळून समाज होतो, समाजाचा गाभा कुटुंब. त्याच वर्षाअखेर झालेल्या त्या कायद्यानं बहुपत्नीत्व आणि जबरदस्तीची लग्नं बंद केली. म्हणजे गौरव करायच्या आधी पेशी उघडून बघितली होती, हेही नोंदवायला हवं. दोन्हींना 'मूलभूत घटक' लिहून मोकळं होऊ नका.

सायगावकर :
नोकरीनिमित्त काही वर्षं हो ची मिन्ह शहरात आहे, भाषा कामापुरती येते. 'ते बाव' मधला 'बाव' चिनी मूळचा, अर्थ गर्भावरचं आवरण, गर्भपिशवी. तोच 'बाव' 'दोंग बाव' या शब्दात आहे : एका पिशवीतून जन्मलेले, म्हणजे देशबांधव. आपलं 'सहोदर' अगदी जवळचं. 2 सप्टेंबर 1945 ला स्वातंत्र्याची घोषणा वाचताना हो ची मिन्ह यांनी जमावाला याच शब्दानं हाक मारली होती. त्यामुळे 'पेशी' हा शब्द त्यांच्या कानाला प्रयोगशाळेतला असला तरी त्यात रक्ताचं नातं वाजत असावं असं मला वाटतं. (हा माझा अंदाज, कोशातलं नव्हे.)

आणखी एक. कुटुंबाला शब्द 'झा दिन', इथं दक्षिणेत 'या दिन'. पहिला भाग घर, दुसरा अंगण. पण रोजच्या बोलण्यात नुसतं 'न्या', म्हणजे घर. आणि नवरा बायकोबद्दल किंवा बायको नवऱ्याबद्दल बोलताना म्हणते 'न्या तोय', माझं घर!

मीठभाकर :
अहो मग आपले आजोबा वेगळं काय म्हणायचे? 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय.' कुटुंब म्हणजे बायको. 'मंडळी' पण तेच. गोव्यात घरकार (नवरा), घरकान्न (बायको). फरक एवढाच की 'कुटुंब' बायकोच व्हायची, नवरा कधी कुटुंब झाल्याचं ऐकलं नाही. एंगल्सला सांगा कुणीतरी.

जुना चष्मा :
त्याला माहीत होतं. लॅटिन 'फामुलुस' म्हणजे घरगुती गुलाम आणि 'फामिलिआ' म्हणजे एका माणसाच्या मालकीचे सगळे गुलाम, हे त्यानंच लिहून ठेवलंय.

उंबरठा :
थांबा, अजून एक अडचण. लेखात 'फॅमिली' आणि 'हाउसहोल्ड' असे दोन शब्द आहेत, मी दोन्हीकडे 'कुटुंब' केलंय. 1988 च्या शेतीसुधारणेत 'हाउसहोल्ड' ला जमीन कसायला दिली, असा संदर्भ.

सायगावकर :
तो 'हो'. चिनी अक्षर दाराचं. सामुदायिक शेतीतून कसणूक पुन्हा घराघराकडे आली ती या 'हो' च्या नावानं. 'हो खौ' म्हणजे घरनोंदणी, शब्दशः दार आणि तोंड, म्हणजे दाराआडची खाणारी तोंडं. ते कागदी नोंदणीपुस्तक 2023 च्या सुरुवातीला बाद झालं. रेशनच्या काळात तांदळाचं पुस्तक वेगळं असे. 'तांदळाचं पुस्तक हरवल्यासारखा चेहरा' ही म्हण अजून ऐकू येते.

मीठभाकर :
मग 'उंबरा' लिहा की! 'शंभर उंबऱ्यांचं गाव' म्हणतोच आपण. उंबरठाताई, उत्तर तुमच्या नावातच होतं.

जुना चष्मा :
झकास. मीही 'चूल' सुचवणार होतो, पण दारासाठी उंबरा जास्त बसतो. शिवाय 'कुणबी' हा शब्द 'कुटुंबिन्' वरून आला असं मानतात, म्हणजे कुटुंब हीच कसणारी तुकडी, हा अर्थ आपल्याकडेही होता. फक्त कायद्याच्या वाक्यात 'उंबरा' खटकेल, तिथं 'घरकुटुंब' करा.

उंबरठा :
पेशी, गाभा, उंबरा. घेतलं. राहिलं 'झा दिन वान ह्वा'. चांगल्या वागणाऱ्या घरांना सरकार हा किताब देतं, दाखला भिंतीवर लावतात. 'सांस्कृतिक कुटुंब' म्हटलं तर सगळी तबला-पेटी घेऊन बसल्यासारखी वाटतात.

मीठभाकर :
'सुसंस्कृत' करा.

सायगावकर :
अर्थानं बरोबर. पण मग दाखला नसलेल्या शेजाऱ्याला काय म्हणायचं?